हललेल्या रेघा

४ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू दचकली असशील. पत्ता चष्मामावशीने दिला. मी तिच्या दारात ठाण मांडून बसले, तेव्हा शेवटी म्हणाली, "घे बाई, पण माझं नाव सांगू नकोस." तर तिचं नाव मी सांगितलेलं नाही असं समज.

आईला हे पत्र माहीत नाही. दोन वर्षं झाली, तरी तिच्यासमोर तुझा विषय निघत नाही. तुझ्या खाटेवर आता माझी पुस्तकं असतात. आई त्या खाटेला खाट म्हणत नाही, "तिथलं ते पुस्तक उचल" म्हणते.

मी पास झाले. पहिला वर्ग नाही मिळाला, पण झाले. आपल्या घरातली पहिली पदवीधर! निकालाचा कागद आणला तर आईने तो हातात घेतला नाही. "टेबलावर ठेव," म्हणाली. आधी टेबल पुसलं, मग पुन्हा पुसलं, आणि मग हात पाठीमागे बांधून, दुकानाच्या काचेतून दागिना बघावा तशी वाकून वाचत राहिली. एका कागदाचा एवढा मान! मला भरून आलं.

नोकरी अजून नाही. सध्या मी युनियनच्या कचेरीत बसते, बिनपगारी. कपांच्या कारखान्यात काय चाललंय ते तिथल्या पेपरात आलं नसेल. कामाचे तास वाढवले, पगार आहे तिथेच, म्हणून सगळ्यांनी सावकाश काम करायचं ठरवलंय. संप नाही. सगळ्या जणी वेळेवर जातात, रंगकामाच्या फिरत्या चकतीपुढे बसतात, कुंचला हातात घेतात, पण जेवढ्या वेळात ट्रे भरायचा तेवढ्यात अर्धाच भरतात. साहेबांना कुणालाही कामचुकार म्हणता येत नाही. निवेदनं, पत्रकं सगळी मी लिहिते. अध्यक्ष मला 'लेखणीबाई' म्हणतात. ते भाषणाला उभे राहिले की समोरच्यांना घरची कामं आठवतात, पण माणूस मनाचा चांगला आहे.

मागण्यांमधलं एक कलम माझं आहे. ज्याला आजारपणामुळे नेहमीचं काम झेपत नाही त्याला काढून न टाकता दुसरं काम द्यावं, मालाच्या बांधणीचं म्हणा, चिठ्ठ्या चिकटवायचं म्हणा. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आई स्वयंपाक थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "हे कुणी सुचवलं तुला?" म्हटलं, "कुणी नाही, मलाच सुचलं." ती म्हणाली, "बरं सुचलं."

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटतं. शेजारची रेंगाळली तरी आईचा पारा कसा चढायचा आठवतं ना? "चकती तुमच्यासाठी थांबत नाही गं बायांनो!" आता तीच म्हणते, "घाई कशाला? एवढ्यात तडजोड होऊ नये. चालू दे सावकाश." आपली आई क्रांतिकारक झाली की काय!

ती बरी आहे. थोडी दमते, पण वयाचं असेल.

उत्तर घरी नको पाठवू. युनियनच्या पत्त्यावर पाठव.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल असं मी स्वतःला सांगते. मिळालं असेल आणि तू लिहीत नसशील, तरी मी लिहिणारच. आपल्या घरात हट्ट काही तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेला नाही.

इथे मोठी घटना घडली आहे. परवा अध्यक्षांबरोबर मी पहिल्यांदाच रंगकामाच्या हॉलमध्ये गेले. आई मला तिथे कधी येऊ देत नसे, "तू तुझी पुस्तकं सांभाळ" म्हणायची. तुझ्या डोळ्यांखालून हजारो कप गेलेत, तुला हसू येईल, पण कपाच्या काठावरचं सोनं लावताना काळपट तपकिरी असतं आणि भट्टीतून निघाल्यावर सोनेरी होतं, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, आई दिवसभर सोन्यात हात घालून बसते.

आम्ही गेलो तेव्हा भट्टीतून निघालेला माल तपासणीच्या टेबलावर होता. वरचा तपासनीस, आपला तो घार, कप उचलत होता, नाकाजवळ नेत होता आणि पिंपात टाकत होता. खळ्ळ. दुसरा उचलला, खळ्ळ. तुझ्या वेळी होता तसाच आहे तो, फक्त नाक आणखी खाली आलंय. ताई, सगळ्या कपांवरच्या रेघा हललेल्या होत्या! एखाददुसऱ्या नाही. रेघ जिथून निघते तिथेच येऊन मिळायला हवी ना, सांधा दिसता कामा नये. इथे एक टोक वर गेलेलं, एक खाली, रस्त्यात चुकामूक झालेल्या दोन माणसांसारखं. काही कपांवर तर रेघ नदीसारखी वळणं घेत गेली होती. बुडाखाली रंगवणारीची खूण असते, त्या खुणा मात्र वेगवेगळ्या, मावशीची, शिडीची, बुलबुलची. (शिडी म्हणजे ती उंच बाई, तुला आठवेल. बुलबुल नवी आहे, तू गेल्यावर आलेली, तोंडाला कुलूप नाही.)

साहेब लाल झाले होते. "हे काय आहे? ही तुमची नवी युक्ती का?"

अध्यक्षांनी क्षणभर कपांकडे पाहिलं, क्षणभर साहेबांकडे, आणि छाती काढून म्हणाले, "होय! आणि ही नुसती सुरुवात आहे."

बाहेर आल्यावर मला हळूच विचारतात, "लेखणीबाई, ही काय भानगड आहे?"

पण मला तर स्फुरणच चढलं. बाया सांगत नाहीत कारण गुप्तता पाळतायत, असं मी त्यांना समजावलं. किती सुंदर कल्पना! ना तोडफोड, ना घोषणा, फक्त एक हललेली रेघ. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं: 'तुम्ही माणसं वाकवलीत म्हणून रेघ वाकली आहे. न्याय सरळ होईल त्या दिवशी रेघही सरळ होईल.' आज गेटवर ते वाचलं तेव्हा बांधणीतले, भट्टीवरचे सगळे टाळ्या वाजवत होते. रंगकामाच्या बाया तेवढ्या गप्प उभ्या होत्या. नम्रपणा असेल.

आईला पत्रक दाखवलं. तिने हात काखेत धरूनच वाचलं.

"अक्षर छान आलंय."

"आणि मजकूर?"

"तुला कुणी सांगितलं, आम्ही हे ठरवून केलंय म्हणून?"

"मग कसं झालं?"

"भाजी करपेल," असं म्हणून ती आत गेली. भाजी अजून चुलीवर चढलेलीही नव्हती.

तुझी धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई,

पहिल्या पत्रात मी 'ती बरी आहे' असं लिहिलं होतं. ते खोडायचं आहे.

काल मावशीने मला जिन्यात गाठलं. माझ्या हातात पत्रकांचा नवा गठ्ठा होता. तिने तो काढून घेतला, पायरीवर ठेवला आणि त्यावर बसली. "बस इथे. शिकलेल्या माणसाशी बोलायला जरा टेकावं लागतं."

मग म्हणाली, "अगं शहाणे, कसलं आंदोलन घेऊन बसलीस! तुझ्या आईचा हात हलतो."

मला आधी कळलंच नाही. हलतो म्हणजे?

"हलतो म्हणजे हलतो. उजवा. सावकाश काम सुरू झालं म्हणून निभावलं तिचं. एक कप करायचा, हात मांडीखाली दाबून ठेवायचा, थांबला की दुसरा करायचा. सगळ्याच हळू, तेव्हा कोण बघतंय! पण या महिन्यात तेही जमेना. घार तिचे कप उचलून उचलून बघायला लागला. मी म्हटलं, एकीची रेघ हलली तर डोळ्यांत भरते, दोघींची हलली तर रंगाला दोष देतील. म्हणून मीही माझी जरा हलवली."

"आणि बाकीच्यांनी?"

"तेच तर सांगतेय! शिडीच्याही डोक्यात तेच आलं. मला बोलली नाही. आणि ती बुलबुल, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनेही हूं की चूं न करता तेच केलं. प्रत्येकीला वाटलं, आपण एकटीच करतोय. कुणी ओळीच्या या टोकाला, कुणी त्या. आणि बुलबुलला कुठे प्रमाण कळतं? तिने रेघेची पार झुळझुळ नदी करून टाकली. भट्टी उघडली तेव्हा आम्ही एकमेकींची तोंडं बघत राहिलो. आणि सांगू का, त्या सगळ्या ढिगात सगळ्यात सरळ रेघ कुणाची होती? तुझ्या आईची!"

मावशी हसायला लागली. चष्मा काढून डोळे पुसले तेव्हा ती हसत नव्हती.

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. त्या दिवशी सुटी झाल्यावर सगळ्यांचे कुंचले तिने धुऊन ठेवले. आमचे पण. आम्ही नको म्हणालो नाही."

दवाखान्यात मावशीनेच तिला नेलं होतं. मला सांगितलं होतं की दोघी चपला घ्यायला चालल्या आहेत. कंपवात आहे, ताई. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी हात पुष्कळ शांत राहील, घरचं सगळं करता येईल, बरीच वर्षं येईल. पण बारीक काम आता नाही.

मी मागे वळून बघते आणि मला सगळं दिसतं. निकालाचा कागद टेबलावर ठेवायला का सांगितला. ब्लाउजचे हूक जाऊन टिचबटणं का आली. दाराची किल्ली ती हल्ली मलाच का लावायला सांगते. हे सगळं माझ्या समोर घडत होतं आणि मी गेटवर न्यायाच्या गोष्टी सांगत होते. माझ्या पत्रकाने तर आणखीच घोळ केला आहे. साहेबांची आता खात्रीच पटली आहे की हा ठरवून केलेला घातपात आहे. नोटीस लागली आहे: हे कुणी सुरू केलं त्याचं नाव द्या, नाहीतर रंगकामाची सगळी ओळ निलंबित.

नाव कोण देणार? कुणी सुरूच केलेलं नाही.

मावशी उठताना एक बोलून गेली, ते तुला विचारायचं आहे. "तुझ्या ताईने तो कप फोडला ना, मला तेव्हाच शंका आली होती."

तू तपासणीच्या टेबलावर गेलीस हे आईला आवडलं नव्हतं हे मला माहीत आहे. चकतीवरची बाई टेबलापलीकडे गेली की ती आपली राहत नाही, असं तिथे सगळेच मानतात. पण घरात तेवढ्यावरून फक्त धुसफूस होती. मग त्या दुपारी तू तिचा कप उचललास, उजेडात धरलास, आणि वरच्या तपासणीला घारीकडे न पाठवता सरळ पिंपात टाकलास. सगळ्यांसमोर. आईच्या खुणेचा कप त्या पिंपात कधी गेला नव्हता. रात्री ती "माझ्याच पोटची पोर" एवढंच म्हणत राहिली, तू एक अक्षर बोलली नाहीस, आणि आठवड्याभरात ट्रंक भरलीस.

तू त्या कपावर काय पाहिलं होतंस, ताई? एवढं तरी सांग.

तुझी धाकटी

८ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. एवढंसंच. पण आलं.

मी ते आईला वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही. रागावायचं तर रागाव. पण ते माझ्यापुरतं ठेवणं मला जमलं नसतं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "ताईचं पत्र आहे." तिचा हात थांबला नाही, म्हणजे घडी थांबली आणि हात हलत राहिला. मी वाचलं: 'त्या कपाची रेघ हलली होती. घारीने ती पाहिली असती तर पुढचा कप पाहिला असता, मग आईचा हात पाहिला असता. म्हणून त्याच्याकडे जाण्याआधी फोडला. आईला सांगितलं असतं तर मला कळलंय हे तिला कळलं असतं. तिला ते सोसलं नसतं.'

"पुन्हा वाच," आई म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

"एवढी अक्कल होती तर घर कशाला सोडलं मूर्ख पोरीनं?"

मग तिने राहिलेल्या घड्या घातल्या. सगळ्या. नंतर पाणी पिऊन आली आणि तिने विचारलं, "तिथे थंडी फार असते का गं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत? तूच विचार तिला." त्यावर ती म्हणाली, "लेखणीबाई तू आहेस ना!" तर मी विचारते आहे. तिथे थंडी फार असते का? तुझ्याकडे पांघरायला पुरेसं आहे का?

त्या दिवसापासून ती माझ्यासमोर हात लपवत नाही. जेवताना टेबलावर ठेवते. पहिल्यांदा ठेवला तेव्हा आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो, जसा कुणी न बोलावलेला पाहुणा आला आहे. ती म्हणाली, "बघ, मी काही करत नाहीये. हा आपला आपणच चाललाय."

आता वाईट बातमी. तडजोड होते आहे.

तास पूर्वीसारखे होणार, पगार वाढणार, निलंबनाची नोटीस मागे. हे सगळं साहेब द्यायला तयार आहेत, दोन अटींवर. आजारपणाचं कलम काढून टाकायचं. आणि काम सुरू होण्याआधी रंगकामाच्या प्रत्येक बाईने घारीसमोर बसून रेघ काढून दाखवायची. जिची हलेल तिची 'कार्यक्षमता नाही' म्हणून सुट्टी.

मी अध्यक्षांकडे गेले. खूप बोलले. मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे, एका माणसाला सोडून मिळवलेला विजय हा विजय नाही. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाले, "पोरी, अर्ध्या मालाचा अर्धाच पगार हातात येतो, भट्टीवरच्या तिघांच्या घरी चूल नीट पेटत नाहीये. मी त्यांना आणखी किती दिवस थांबा म्हणू? तुझ्या आईचं मला ठाऊक आहे. मला कालच कळलं. रात्रभर झोपलो नाही मी." आणि त्यांचे डोळे खरंच सुजलेले होते. मला त्यांच्यावर चिडायचं होतं, ते नीट जमलं नाही.

उद्या गेटवर सभा आहे. हात वर करून मतदान. नियम असा की रंगकाम, भट्टी, बांधणी तिन्ही खात्यांचं बहुमत हवं. भट्टी आणि बांधणी हो म्हणणार. रंगकामाच्या बाया अडल्या तर करार होत नाही. आणि मावशी म्हणाली आहे, "आमचे हात वर जाणार नाहीत. मग बघू साहेब काय करतो." मीही बोलणार आहे. भाषण लिहून तयार आहे. आईला दाखवलेलं नाही.

मी चूक करते आहे का? तू इथे असतीस तर डोक्यात टपली मारून सांगितलं असतंस.

तुझी धाकटी

१० मार्च

ताई,

सभा झाली. जसं घडलं तसं लिहिते.

गेटसमोरचं मैदान भरलं होतं. अध्यक्षांनी अटी वाचल्या. आजारपणाचं कलम निघालं हे वाचताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्याने!" मग मी उठले. हातात भाषण होतं. पहिलंच वाक्य वाचलं, 'मित्रांनो, साखळी तिच्या सगळ्यात नाजूक कडीइतकीच…' आणि समोर बसलेली आई नुसती मान हलवत होती. नाही, नाही. रागाने नाही. मी लहानपणी अंगणात वाळत घातलेली चादर ओढायला धावायचे तेव्हा हलवायची तशी. मी कागदाची घडी केली. खाली बसले. कुणी हसलं नाही, हे माझं नशीब.

"करार मान्य असणाऱ्यांनी हात वर करा," अध्यक्ष म्हणाले.

भट्टीवाल्यांचे हात वर गेले. बांधणीवाल्यांचे गेले, काहींचे अर्धेमुर्धे, कोपर दुमडून. रंगकामाची ओळ तशीच बसून. मावशीने हाताची घडी घातली होती. शिडी आकाशाकडे बघत होती. बुलबुलने तर दोन्ही हात मांडीखाली सरकवले होते, आईसारखे.

भट्टीवाल्यांपैकी एक जण ओरडला, "ओ बायांनो, आमच्या पोरांच्या पोटावर पाय देता का?"

मावशी उभी राहिली. "तुझ्या पोराला मी अंगावर खेळवलंय, मला पोटाचं सांगू नकोस! एक बाई काढून देऊन आम्हाला पगारवाढ नको."

"कोण बाई? कुणाला काढतायत? नाव तर सांगा!"

मावशीचं तोंड मिटलं. नाव तिला घ्यायचं नव्हतं. तेवढ्यात आई उठली.

तिने हात वर केला. उजवा. डावा करता आला असता, ताई. डावा अगदी शांत असतो. तिने उजवा केला आणि पूर्ण वर धरला, कोपर सरळ. तो हलत होता. मैदानाच्या पार टोकापर्यंत दिसेल असा हलत होता. मधूनच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. तिने तो दुसऱ्या हाताने धरला नाही.

"मोजा," आई म्हणाली. "माझं मत हो आहे. आणि माझ्या ओळीतल्या बायांनो, माझा हात दुखायला लागला तर तुमच्या नावाने खडे फोडीन. आटपा लवकर."

घार गेटच्या आत उभा होता. तो बघत होता. सगळेच बघत होते.

आधी शिडीचा हात वर गेला. तिचा हात म्हणजे किती वर जातो तुला माहीत आहे. मग इतर. बुलबुल हुंदके देत होती आणि हात वर करत होती. मावशी शेवटपर्यंत घडी सोडेना. आई तिच्याकडे वळून म्हणाली, "अगं ए, मला उभं करून ठेवणार आहेस का?" तेव्हा मावशीने हात वर केला, दुसऱ्या हाताने डोळे झाकून.

ओरडणारा तो भट्टीवाला मान खाली घालून निघून गेला. संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. आईने त्याला, "आत ये, दारात काय उभा आहेस वसुलीवाल्यासारखा," म्हणून आत घेतलं.

तिने घारीसमोर रेघ काढायला जाण्याचा प्रश्नच उरला नाही. आज सकाळी कागद आला. 'प्रकृतीच्या कारणास्तव कार्यमुक्त.' तिने तो हातात घेऊन वाचला.

मी विचारलं, "का केलंस असं? त्या अडून बसल्या असत्या तर कदाचित…"

"कदाचितवर किती घरं चालवायची?" ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि माझ्यासाठी बाकीच्यांनी वाकड्या रेघा काढायच्या? किती दिवस? शिडीची रेघ बघितलीस का कधी? मी शिकवली तिला. असली रेघ या कारखान्यात दुसरी नाही. ती खराब करून ठेवत होती बावळट."

मग ती रडली. मी पदवीधर आहे, पण काय करावं मला कळलं नाही. मी तिचा हात धरला, तर तो माझ्या हातात हलत राहिला, आणि थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की माझाच हलतो आहे.

तुझी धाकटी

२ एप्रिल

ताई,

आई रविवारच्या सकाळच्या गाडीने निघते आहे. तू बोलावलंस म्हणून नाही, असं तिने मला तीनदा सांगितलं. "थंडी संपली असेल ना, म्हणून जातेय." तेव्हा तू बोलावलंस याचा उल्लेख करू नकोस.

मला शाळेत नोकरी मिळाली, हंगामी, पण पगाराची. संध्याकाळी युनियनमध्ये अजून जाते. आजारपणाचं कलम पुढच्या मागण्यांत पुन्हा घातलं आहे, या वेळी सगळ्यात वर. अध्यक्षांनी हूं की चूं केलं नाही. भट्टीवाल्यांनी त्याखाली सगळ्यात आधी सह्या केल्या. त्याचा आईला उपयोग नाही हे मला माहीत आहे. तिलाही आहे. तरी रोज विचारते, "तुझ्या कलमाचं कुठवर आलं?"

घरात बसणं तिला सोसत नाही. सकाळी भोंगा झाला की उठून दारापर्यंत जाते आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून परत येते. मावशी, शिडी, बुलबुल सुट्टी झाली की इथेच येऊन पडतात. परवा शिडीने एक कप आणून आईपुढे ठेवला. आईने फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाली, "हं. आता आली ताळ्यावर." शिडी एवढी मोठी बाई, पण लाजली.

गाडीतून उतरताना तिला हात देऊ नकोस, नुसती जवळ उभी राहा. पायरी उंच असेल तर ती स्वतःच तुझा खांदा धरेल. गोळ्यांची पुडी निळ्या पिशवीत आहे. जेवणाआधी घ्यायच्या, ती मुद्दाम विसरते. तिचं अंथरूण तुझ्या शेजारीच घाल. रात्री तिला गप्पा मारायला लागतात, आणि दोन वर्षांच्या साठलेल्या आहेत. झोप मिळणार नाही, तयारी ठेव.

आणि चहा. गेला महिनाभर मी तिला अर्धाच कप देत होते, सांडू नये म्हणून. तिने पाहिलं, काही दिवस चालवून घेतलं, आणि काल कप माझ्यापुढे सरकवला. "मी काय मांजर आहे का? भर तो."

तू भरूनच दे, ताई. काठापर्यंत. सांडू दे.

तुझी धाकटी